एका घरातील दोन शैशवे

चार्ल्स डार्विन यांच्या घरी १८३९ सालच्या डिसेंबरात पहिले अपत्य जन्मास आले, तेव्हा त्या गृहस्थाने पितृसुलभ कौतुकाबरोबर शास्त्रज्ञाची वहीही हाती घेतली आणि बाळाच्या शिंका, उचक्या, जांभया, पुढे त्याचा राग, त्याची भीती आणि त्याचे हसू यांची बारीक टिपणे ठेवण्यास प्रारंभ केला. ती टिपणे त्यांनी १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याच्या पाच वर्षे आधी मनुष्य व प्राणी यांच्या भावप्रकटनावर जो ग्रंथ त्यांनी लिहिला, त्यात मांजराची स्वतंत्र चित्रे आहेत: एक लढण्यास सिद्ध झालेले, एक लाडात येऊन शेपटी ताठ उभारलेले, आणि एक कुत्रा पाहून पाठीची कमान करून भेदरलेले. उबदार शालीवर बसलेले पोक्त मांजरसुद्धा पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने दाबत राहते, ती आईच्या स्तनाला रेटे देऊन दूध काढण्याची पिलेपणीची सवय होय, हेही त्यांनी नमूद करून ठेवले आहे. पाळण्यातील मूल आणि शालीवरील मांजर या दोघांकडे सारख्याच गांभीर्याने पाहण्यात त्या महापुरुषाला कमीपणा वाटला नाही. तेव्हा ज्या घरात मुले आणि मांजराचे पिलू एकाच वेळी वाढत आहेत, त्या घरात वारंवार उसळणाऱ्या हास्याची मीमांसा करण्यास या पुस्तकातील एक प्रकरण खर्ची घालणे अनुचित ठरू नये.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या हास्यप्रसंगांत योगायोगाचा भाग फार थोडा असतो. मूल हे माणसाचे अपक्व रूप आहे, पिलू हे मांजराचे. दोघांनाही निसर्गाने आपापला अभ्यासक्रम नेमून दिलेला आहे, दोघेही तो एकाच ओसरीवर गिरवीत असतात, आणि एकाच्या धड्यात दुसऱ्याचा पाय, वेणी, दप्तर किंवा दुधाची बशी आली म्हणजे जो घोटाळा होतो त्याला आपण गंमत म्हणतो. घोटाळ्याचे कारण कळल्याने गंमत उणी होत नाही. ओरखडे मात्र उणे होतात.

पिलाचा अभ्यासक्रम फार घाईचा असतो. जन्मतः ते आंधळे आणि बहिरे असते. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, त्याच सुमारास कानही उघडू लागतात, तिसऱ्या आठवड्यात ते डुलत डुलत चालते, आणि चौथा आठवडा सरतो न सरतो तोच भावंडांशी कुस्ती सुरू होते. मानवी बालक जेमतेम मान सावरू लागते त्या वयाला पिलू पडद्याच्या दांडीपर्यंत पोहोचलेले असते. फिलाडेल्फिया येथील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांच्या मुदतीत ज्या पिलांना माणसाचा हात रोज लागतो ती पुढे माणसांत रमतात. ही मुदत टळली म्हणजे माणसाविषयीचा त्यांचा संशय सहजी सुटत नाही. मांजरी आपली पिले सात घरे फिरवते अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि त्या सात घरांपैकी एखाद्यात मुलांचा वावर असला तर माणसाळण्याचे काम परभारेच होऊन जाते. आमच्याकडे आलेले पिलू शेजारच्या लाकडाच्या वखारीत जन्मले होते व आळीतील सगळी पोरे त्याच्या दर्शनाला दोन वेळा हजेरी लावीत; त्यामुळे आठ आठवड्यांचे होऊन ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले तेव्हा मुलांचे भय म्हणून त्याला ठाऊक नव्हते.

नामकरणाचा अधिकार थोरल्या नातवाने स्वतःकडे घेतला. शाळेत त्या वेळी पेशवाई चालू होती, आणि पिलाच्या नाकाखाली मिशांसारखा एक काळा पट्टा होता. सबब पिलाला सुभेदारी बहाल करण्यात आली. अंगावर पांढरा, काळा आणि तांबूस असे तिन्ही रंग पाहून आजीने पहिल्याच दिवशी बजावले होते, “अरे, तिरंगी मांजर म्हणजे भाटीच असायची. सुभेदार कसला घेऊन बसलास?” पण मिशा धडधडीत दिसत असता आजीचे कोण ऐकतो! यथावकाश पशुवैद्याने आजीच्या बाजूने निकाल दिला. आजीचे ज्ञान परंपरेचे होते, पण त्यामागील शास्त्र पक्के आहे. मांजराचा तांबूस रंग ठरवणारे जनुक ‘एक्स’ या गुणसूत्रावर असते. नराच्या वाट्याला असले गुणसूत्र एकच येते, मादीला दोन मिळतात, आणि मादीच्या प्रत्येक पेशीत त्या दोहोंपैकी एक गप्प केले जाते, हे मेरी लायन यांनी १९६१ साली उंदरांच्या अभ्यासावरून मांडले. एका ठिकाणच्या पेशींत तांबूसपणाचे गुणसूत्र बोलते, दुसऱ्या ठिकाणी काळेपणाचे, आणि अंगावर ठिगळे उमटतात. नरात हे घडायचे तर त्याच्याकडे चुकून एक जास्तीचे गुणसूत्र आलेले असावे लागते, आणि असा बोका हजारोंत एखादा. हे तांबूसपणाचे जनुक नेमके कोणते, याचा पत्ता जपानातील क्युशू आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केला. आमच्या घरी मात्र प्रश्न जनुकाचा नव्हता, हुद्द्याचा होता. नाव काढून घेणे म्हणजे पदच्युती, असा युक्तिवाद मुलांनी केला; शेवटी सनद कायम ठेवून तिला सुभेदारीणबाई करण्यात आले. मांजरांना आपले नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखता येते, हे टोकियोच्या सोफिया विद्यापीठातील अत्सुको सायतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिले आहे. हाकेला ओ देणे ही गोष्ट त्या अभ्यासात नव्हती, आणि सुभेदारीणबाईंच्या स्वभावातही नव्हती. नाव ऐकल्याची पोच एका कानाच्या हालचालीने मिळे, त्यावर मुलांनी समाधान मानावे.

आता तिन्हीसांजेच्या दंग्याविषयी. मांजर हा ऐन मध्यरात्रीचा प्राणी नव्हे आणि भर दुपारचाही नव्हे. पहाटेच्या व सायंकाळच्या संधिप्रकाशात त्याच्या अंगात संचार होतो, आणि दिवसाचे बारा ते सोळा तास निद्रेत घालवून साठवलेली सारी शक्ती ते या दोन वेळांना उधळून टाकते. दुर्दैवाने हीच वेळ आपल्या घरांत दिवेलागणीची आणि शुभंकरोतीची असते. देवघरापुढे मुले ओळीने बसली होती, हात जोडलेले होते, डोळे मिटण्याचा आजीचा हुकूम झाला होता, आणि मोठ्या नातीच्या वेणीची तांबडी रिबीन तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर पाठीवर डुलत होती. देव्हाऱ्याच्या मागून सुभेदारीणबाई निघाल्या, भिंतीच्या कडेने पोट जमिनीला टेकवीत आल्या, क्षणभर दबा धरला, आणि रिबिनीवर झडप पडली. नातीची किंकाळी नेमकी श्लोकाच्या चालीत बसली. थोरला हसू दाबता दाबता कुशीवर लवंडला. सर्वांत धाकटी, जिला हा सारा पूजेचाच विधी वाटला, ती जोडलेल्या हातांनी उड्या मारू लागली. आजीने एकही अक्षर न गाळता शेवटपर्यंत म्हटले, नमस्कार केला, आणि मग म्हणाली, “हं, आता हसा.”

पाउल लायहाउझेन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने मांजरांच्या शिकारीचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवले. त्याचे प्रतिपादन असे की, मांजराची शिकार ही एक अखंड क्रिया नसून तिच्यात दबा धरणे, झेप घेणे, पकडणे, मारणे आणि खाणे अशी निरनिराळी अंगे आहेत, व प्रत्येक अंगाची ओढ स्वतंत्र आहे. पोट भरले म्हणून दबा धरण्याची हौस फिटत नाही. सुभेदारीणबाई नुकत्याच जेवून उठल्या होत्या, हे येथे लक्षात घ्यावे. त्यात एकट्याच वाढणाऱ्या पिलाची आणखी एक अडचण असते. चार भावंडांत वाढलेले पिलू चावा जोराचा बसला तर समोरचे भावंड ओरडते आणि खेळ सोडून निघून जाते, हे अनुभवाने शिकते आणि दातांना आवर घालते; ज्याला भावंडे नाहीत त्याला पोरांचे घोटे हीच भावंडे. म्हणून हाताचे किंवा पायाचे बोट हलवून पिलाला खेळवण्याची जी पद्धत सार्वत्रिक आहे ती मोडावी, काठीला चिंधी बांधून खेळवावे, चिंधी शेवटी त्याला पकडू द्यावी आणि लगेच खायला घालावे. शिकार झाली, भोजन झाले, आता अंग चाटून निजावे, हा मांजराचा शिरस्ता आहे. दिवेलागणीच्या आधी हा कार्यक्रम उरकून घेण्याचे आमच्याकडे ठरले, तेव्हापासून शुभंकरोती निर्विघ्न पार पडू लागली, आणि मुलांची शुभंकरोतीवरील भक्ती काहीशी कमी झाली.

शिकण्याची क्रिया एकतर्फी नसते. झेप घेण्यापूर्वी मांजर मागचा भाग डावीउजवीकडे हलवते, हे थोरल्याने हेरले. आणि एके दिवशी प्रस्तुत लेखक सकाळचा चहा घेऊन माजघरातून येत असता दाराआड कोणीतरी खाली वाकून कंबर हलवीत असल्याचे त्याच्या दृष्टीस पडले. पुढील तपशील देण्याचे कारण नाही. धोतर धुण्यास टाकावे लागले.

आरशाचा प्रसंग अधिक विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात. आमची धाकटी नात आधी कपाटाच्या आरशातील बाळाचे मुके घेत असे; दीड वर्षाची पुरी झाल्यावर एकदा तिने आरशात तीट पाहिली आणि आरशावर हात न फिरवता स्वतःच्या गालावर फिरवला. हातभर काजळ पसरले. घरातील मंडळी ओरडली. पण त्या काजळात मानसशास्त्राचा एक महत्त्वाचा टप्पा पार पडला होता. गॉर्डन गॅलप यांनी १९७० साली चिंपांझींच्या कपाळाला, त्यांना न कळत, तांबडा ठिपका लावून त्यांना आरशापुढे सोडले, तेव्हा ते स्वतःच्या ठिपक्याला हात लावू लागले. १९७२ साली बूला ॲम्स्टरडॅम यांनी बालकांच्या नाकाला रंग लावून हीच परीक्षा घेतली, आणि बहुतेक मुले दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान तीत उत्तीर्ण होतात असे आढळले. आपल्या आज्या ही परीक्षा पिढ्यान् पिढ्या घेत आल्या आहेत, फक्त निकाल लिहून ठेवत नव्हत्या. सुभेदारीणबाई त्याच आरशापुढे आल्या तेव्हा शेपटी बाटली धुण्याच्या ब्रशासारखी फुलली, अंग तिरपे झाले, आणि प्रतिपक्षही तितकाच तिरपा झालेला पाहून त्या शत्रूला पिछाडीने गाठण्यासाठी कपाटामागे शिरल्या. मांजर या परीक्षेत उतरत नाही. ज्याला वास नाही त्याच्या अस्तित्वावर ते फार वेळ विश्वासही ठेवत नाही. पण परीक्षेत उत्तीर्ण झालेली नात अनुत्तीर्ण मांजरामागून त्याच फटीत शिरली, आणि दोघींना बाहेर काढण्यासाठी कपाट हलवावे लागले, त्या अर्थी गुणपत्रिकेवर फार भिस्त ठेवू नये.

मांजर उंचावरून पडले तरी पायांवर उतरते, हे ऐकल्याबरोबर मुलांनी माळ्याकडे पाहिले. तो प्रयोग वेळीच बंद पाडला, आणि एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो १८९४ सालीच करून ठेवला आहे असे सांगून त्यांचे समाधान केले. त्या काळच्या पुष्कळ विद्वानांची समजूत अशी होती की, अधांतरी पडणाऱ्या वस्तूला आधारावाचून वळता यायचे नाही, सबब मांजर सुटण्याच्या क्षणी धरणाऱ्याच्या हातालाच रेटा देत असले पाहिजे. मारेच्या छायाचित्रमालिकेने ती समजूत खोटी पाडली. मांजर कंबरेत वाकते, पुढचे पाय जवळ घेऊन व मागचे लांबवून आधी पुढचे अर्धे अंग फिरवते, मग उलट करून मागचे. पाठीचा लवचीक कणा आणि सांध्यात न गुंतलेली गळपट्टीची हाडे यांमुळे हे साधते. ही विद्या जन्मजात पुरी नसते, सातव्या आठवड्याच्या सुमारास ती पक्की होते, आणि तरीही हाडे मोडायची ती मोडतातच. गच्चीला व सज्जाला जाळी लावावी.

आवाजाच्या बाबतीत तर दोन शैशवांची सरहद्दच पुसली जाते. ससेक्स विद्यापीठातील कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ साली असे दाखवले की, तृप्त मांजराची घुरघुर आणि खाणे मागणाऱ्या मांजराची घुरघुर एक नव्हे. दुसरीत एक उंच, रडव्या आवाजाचा सूर मिसळलेला असतो, त्याची कंपनसंख्या सेकंदाला २२० ते ५२० च्या आसपास, म्हणजे मानवी अर्भकाच्या रडण्याच्या टापूतील असते. आणि मांजर कधी न पाळलेल्या माणसालाही ती घुरघुर ऐकून स्वस्थ बसवत नाही. पहाटे पाचाला आजी दचकून उठे, पाळण्यापाशी जाई, बाळ गाढ झोपलेले असे, आणि पाळण्याच्या खाली बसलेल्या सुभेदारीणबाई तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात जात. उलट दिशेनेही देवघेव चालू होती. प्रौढ मांजरे आपसांत ‘म्यांव’ क्वचितच करतात. पिलू आईला हाक मारताना ते करते, आणि माणसांच्या घरी राहणारे मांजर ती पिलेपणीची हाक जन्मभर आपल्यासाठी राखून ठेवते. धाकटीने दूध मागण्यासाठी हाच अर्ज उचलला. तिचा ‘आई’ हा शब्द स्पष्ट होण्यापूर्वी ‘म्यांव’ स्पष्ट झाला, आणि त्याला दूध मिळत असल्यामुळे ‘आई’ म्हणण्याची तिला निकड वाटेना. सुनेने ही कैफियत बरेच दिवस मनाला लावून घेतली होती.

दूध पिण्याची कला अशीच फसवी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील रोमन स्टॉकर हे सकाळी न्याहारी करीत असताना त्यांचे मांजर दूध पीत होते, आणि ते नेमके कसे पिते हा प्रश्न त्यांच्या मनात आला. शीघ्रगती छायाचित्रणाच्या साह्याने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्याचा उलगडा केला. मांजर जिभेची पळी करीत नाही. जिभेच्या टोकाची वरची बाजू दुधाच्या पृष्ठभागाला नुसती टेकवते आणि झटकन वर ओढते, तिच्यामागून दुधाचा एक बारीक स्तंभ उचलला जातो, आणि तो गुरुत्वाकर्षणाने खाली कोसळण्यापूर्वी मांजर तोंड मिटते. सेकंदाला सुमारे चार वेळा हे घडते, आणि मिश्या कोरड्या राहतात. हे वाचून दाखवल्याची शिक्षा अशी झाली की, दोन नातवंडांनी बशा जमिनीवर मांडून स्पर्धा लावली. कोणाच्याही पोटात दूध गेले नाही. नाकांत, केसांत आणि सतरंजीवर गेले. सुभेदारीणबाई शेजारी बसून दोघांकडे पाहत होत्या. खरे म्हणजे दूध हे मांजराचे अन्नही नव्हे. आईचे दूध सुटले की दुधातील शर्करा पचवणारा पाचकरस बहुतेक मांजरांच्या आतड्यात कमी कमी होत जातो, आणि मग बशीभर दुधाचा परिणाम दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात सापडतो. पिलाला स्वच्छ पाणी ठेवावे. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची आपली म्हण मांजराच्या नीतीविषयी आहे, आहाराविषयी नव्हे.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी बत्ताशांचा डबा पालथा पडलेला आढळला, आणि मधल्या नातवाने सुभेदारीणबाईंविरुद्ध फिर्याद दाखल केली. पंचनाम्यात डबा, झाकण व जमिनीवरील चुरा नमूद झाला. जाबजबाब घेण्यास आजी बसली. आरोपीचे वकीलपत्र अर्थातच आमच्याकडे आले. बचावाचा मुद्दा एकच होता. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ साली असे सिद्ध केले की, जिभेवर गोडीची जाणीव करून देणारा ग्राहक ज्या दोन जनुकांच्या जोडीने बनतो, त्यांपैकी एक मांजरात निकामी झालेले आहे. घरच्या मांजरात आहे, चित्त्यात आहे, आणि वाघातही आहे. मावशी आणि भाचा, दोघांनाही साखर म्हणजे माती! ज्याला गोड कळतच नाही तो बत्ताशांची चोरी करील कशाला? न्यायासनाने आरोपीस दोषमुक्त केले आणि फिर्यादीच्या खिशाची झडती घेतली. निकाल तेथेच लागला.

घरातील चोरी मांजराच्या माथी मारण्याची वहिवाट फार जुनी आहे. बालकांचे रक्षण करणारी षष्ठी, जी आपल्याकडे सटवाई म्हणून बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री येते व कपाळी लेख लिहिते, तिचे वाहन बंगालमध्ये मांजर मानलेले आहे, आणि तिच्या व्रताची जी कथा तेथे सांगतात ती अशी: एका घरची धाकटी सून चोरून खाई आणि आळ मांजरावर घेई. मांजराने देवीकडे दाद मागितली. पुढे त्या सुनेला मूल झाले की मांजर ते उचलून देवीपाशी नेऊन ठेवी. अखेर तिने मांजराची क्षमा मागितली तेव्हा तिची सारी मुले तिला परत मिळाली. मुलांच्या देवतेने साक्षीदार म्हणून मांजरच निवडावे, यात त्या कथाकारांचे गृहजीवनाचे निरीक्षण दिसते. ही कथा सांगितल्यानंतर मधल्या नातवाने सुभेदारीणबाईंना साष्टांग नमस्कार घातला, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर चढून तेथेच अंग चाटण्यास प्रारंभ केला.

दुसऱ्या एका मामल्यात मात्र आरोपी खरोखर दोषी होती. निरांजनातील फुलवाती नाहीशा होऊ लागल्या. गोडी कळत नसली तरी स्निग्धता मांजराला पुरेपूर कळते, आणि तुपात भिजलेली वात म्हणजे तिला पक्वान्न. येथे हसणे आवरले पाहिजे. वात, शिवणाचा दोरा, संक्रांतीचा मांजा, केसांची रिबीन, रबर हे पदार्थ मांजराच्या आतड्यात गेले की आतडे दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखे गोळा होते आणि चिरतेही. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचे टोक लोंबताना दिसले तर ते ओढू नये, पशुवैद्याकडे न्यावे. मुलांच्या ‘डॉक्टर-डॉक्टर’ खेळावरही नजर ठेवावी. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचे यकृत पचवू शकत नाही, कारण ती निरुपद्रवी करण्याची माणसाच्या शरीरातील रासायनिक सोय मांजरात फारच अपुरी आहे. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. कांदा-लसूण घातलेले कालवणही त्याला देऊ नये.

मुले पिलाशी टक लावण्याचा खेळ खेळतात आणि हरली की तक्रार करतात. रोखून पाहणे ही मांजराच्या भाषेत धमकी आहे. उलट डोळे सावकाश अर्धवट मिटून पुन्हा उघडले, तर तेही तसेच करून उत्तर देते आणि परक्या माणसाच्याही जवळ येते, असे ससेक्सच्याच संशोधकांनी २०२० साली दाखवले. नातीने हा प्रयोग इतक्या निष्ठेने केला की, मांजर जागे राहिले आणि ती झोपली. पोट वर करून लोळणारे पिलू गुदगुल्या मागत नसते, हा धडा प्रत्येक मूल एकदाच शिकते. शेपटी ताठ उभी असली तर जवळ जावे, खाली राहून आपटत असली तर दूर व्हावे. डार्विन यांच्या चित्रांत हेच आहे. ओरखडा किंवा चावा बसलाच तर जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पिलू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. या बाबतीत घरगुती शहाणपण चालवू नये.

बंदिस्त जागेची आवड दोघांनाही सारखीच, मुलांना पलंगाखालची आणि मांजराला खोक्याची. उट्रेख्ट विद्यापीठातील एका अभ्यासात आश्रयगृहात नव्याने आलेल्या मांजरांपैकी ज्यांना लपण्यास खोके दिले ती लवकर स्थिरावली. सुभेदारीणबाईंनी खोक्याऐवजी दप्तर पसंत केले, आणि आळीच्या कोपऱ्यावर दप्तर बोलू लागले तेव्हा थोरला शाळेच्या वाटेवरून परतला. गैरहजेरीचे कारण त्याने खरे तेच सांगितले. वर्गात ते कोणी मानले नाही.

पिलाला दुधाचे दात सव्वीस असतात, आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागून सहाव्याच्या आसपास तीस कायमचे दात येतात. बहुतेक पडलेले दात ते गिळून टाकते, पण एक सतरंजीवर सापडला, आणि त्याच आठवड्यात मधल्या नातवाचाही पुढचा दात पडला. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकून त्याच्याकडे चांगला दात मागण्याची आपली चाल आहे. तेव्हा मांजराचा दात उंदराच्या बिळात टाकावा की नाही, यावर एक संपूर्ण दुपार वाद झाला. थोरल्याचे मत असे की, उंदराने मांजराला नवे दात देणे ही आत्महत्या होय. मधल्याचे मत असे की, अर्ज करण्यास हरकत नाही, नामंजूर करणे उंदराकडे आहे. दोन्ही दात शेवटी टाकले गेले, आणि दोघांनाही नवे आले.

पिलूपण असे लवकर सरते. भाटी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानही वयात येऊ शकते, गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो, आणि एका वेतात बहुधा तीन ते पाच पिले होतात. म्हणून पाचव्या महिन्याच्या सुमारास वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करून घ्यावी, असा पशुवैद्यांचा सल्ला असतो. मुले हट्ट धरतात, की एकदा तरी पिले होऊ द्या. अशा वेळी वाचकांनी रागावू नये. पिले घ्यायला राजी असलेल्या घरांची यादी मुलांनाच करायला सांगावी. आमच्या मुलांनी आळीभर हिंडून केलेल्या यादीत एकच घर निघाले, आणि ते आमचेच होते. पशुवैद्याकडची तारीख त्याच संध्याकाळी ठरली.